नदी उतरणे, पाणी तुडवणे
पाण्यातून पायी पलीकडे जाण्यासाठी मराठीत एकच नेमके क्रियापद नाही. नदी ‘उतरणे’ यात पैलतीर गाठण्याला महत्त्व असते, पाणी ‘तुडवणे’ यात पायांच्या कष्टाला, तर ‘ओलांडणे’ पुलावरून जाणाऱ्यालाही चालते. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा खडकाळ मुलखातून वाहते, उत्तरेकडची पूर्णा मात्र खोल गाळाच्या खोऱ्यातून जाते, म्हणून तेथे ‘उतार’, म्हणजे पायी पार करता येईल अशी उथळ जागा, शोधताना खोलीइतकाच तळही पाहावा लागतो. क्रियापदाची उणीव घोटाभर, गुडघाभर, कमरभर, छातीभर ही शरीराने मोजलेली विशेषणे भरून काढतात, आणि ती अधिक उपयोगी आहेत, मग बापाचे गुडघाभर पाणी लेकराला कमरभर का असेना.