पाण्याचा ड्रॅगन आणि हनुवटीवरचं गोंदण

टॅटूच्या दुकानात जपानी ड्रॅगनचा अर्थ विचारला की ठरलेलं उत्तर मिळतं : शक्ती, धाडस, शहाणपण, नशीब. उत्तर खोटं नाही, पण पोकळ आहे. वाघ, सिंह, गरुड, कशालाही ते चिकटतं. या ड्रॅगनचा अर्थ कळायचा तर जुन्या एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आगींकडे जावं लागतं. लाकडा-कागदाच्या घरांचं ते शहर वरचेवर जळायचं, आणि आग विझवणारे पाठभर ड्रॅगन गोंदवून घ्यायचे. पूर्वेकडचा ड्रॅगन युरोपातल्या ड्रॅगनसारखा आग ओकत नाही, तो पाण्याचा आणि पावसाचा धनी. जळत्या छपरावर चढणारा माणूस जणू अंगावर पाणी पांघरूनच चढायचा. १८२७च्या सुमारास चित्रकार उतागावा कुनियोशीने ‘सुइकोदेन’ या जपानात लोकप्रिय झालेल्या चिनी कादंबरीतल्या १०८ वीरांची चित्रं काढायला घेतली. त्यातल्या शिशिनच्या अंगावरचे नऊ ड्रॅगन पाहून या हौसेला उधाण आलं, पण गोंदवणारे होते कामगार, हमाल, आगवाले. ड्रॅगनला अर्थ दिला तो त्यांच्या कामाने.

आणि हा प्राणी आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘नाग’ या शब्दासाठी तिथल्या ड्रॅगनचंच अक्षर वापरलं गेलं. जपानी बौद्ध परंपरेतल्या आठ ड्रॅगनराजांत आपले वासुकी आणि तक्षक आहेत. म्हणजे नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्याच्या एखाद्या तरुणाने दंडावर ड्रॅगन काढून घेतला, तर एका अर्थी नागोबाच लांबचा फेरा मारून परत आला. गंमत अशी की त्याच घरातल्या आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण मात्र मागास ठरतं. मेल्यावर सगळे दागिने उतरवतात, सोबत येतं ते गोंदण, असं जुन्या बाया मानत आल्या. काजळी आणि सुई, एवढ्यावर उमटलेल्या त्या ठिपक्यांत माहेर, जमात, वय, सोसणं, सगळं असायचं. दुकानातल्या ड्रॅगनपेक्षा हे ठिपके एदोच्या ड्रॅगनच्या जास्त जवळचे आहेत.

गोंदणाची लाज चित्रातून आलेली नाही, ती वरून लादली गेली. जपानात अठराव्या शतकात गुन्हेगारांना गोंदून डाग देत. १८७२मध्ये मेइजी सरकारने पाश्चात्त्यांपुढे शोभा नको म्हणून गोंदणावर बंदी घातली, ती उठली १९४८मध्ये. मधल्या काळात, १८८१मध्ये, ब्रिटिश राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, त्याच जपानात हातावर ड्रॅगन गोंदवून गेला! आपल्याकडेही कंपनी सरकारने १७९७च्या नियमाने बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांची कपाळं गोंदवली आणि ही शिक्षा १८४९पर्यंत चालवली. सुई तीच. एकाची शिक्षा, दुसऱ्याची हौस.

यावर कुणी म्हणेल, गोंदणाचे गोडवे कशाला? लहान मुलींना धरून बसवत, रडल्या तरी सोडत नसत. खरं आहे. धानोऱ्याच्या आजच्या मुली ते नाकारत असतील तर बरोबरच करतात, आणि कुणी त्यांना परंपरेचा धाक दाखवू नये. पण न गोंदवणं वेगळं आणि आजीच्या चेहऱ्याची लाज वाटणं वेगळं. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा : अंग माझं, अर्थही माझा. अंग नक्कीच तुमचं. अर्थ मात्र एकट्याच्या मालकीचा नसतो, नाहीतर याकुझा टोळ्यांमुळे बदनाम झालेल्या गोंदणासाठी जपानातल्या कित्येक स्नानगृहांनी साध्या ग्राहकालाही दारातून परत पाठवलं नसतं.

आपल्याकडे हे भरतीच्या मैदानावर दिसतं, आणि पहाटे धावायला निघणाऱ्या पोरांनी ते आधी वाचलेलं बरं. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, इतरत्र नाही. मानेवरचा ड्रॅगन, कितीही देखणा असो, उमेदवाराला घरी धाडू शकतो. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर वा अंगावर असलेल्या गोंदणाला मात्र, प्रत्येक प्रकरण तपासून, सूट आहे. ज्या गोंदणाची घरात लाज वाटते, त्याची रीत म्हणून दखल सैन्याच्या कागदावर आहे.