वेगाची किंमत आणि कर्नलची हद्द

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कर्नल, म्हणजे तिचा सर्वाधिकारी गाभा, आणि सामान्य प्रोग्राम यांच्यामध्ये जी हद्द आखलेली असते, ती ओलांडताना प्रत्येक वेळी थोडा काळ खर्ची पडतो, आणि क्षणोक्षणी सहस्रावधी मागण्यांना उत्तरे देणाऱ्या वेब सर्व्हरच्या हिशेबात हा खर्च मोठा ठरतो, हे निर्विवाद आहे. परंतु तो वाचवण्यासाठी ती हद्दच पुसून टाकावी, हा विचार मला घातक वाटतो.

१९९९ च्या एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीने, मायक्रोसॉफ्टकडून मोबदला घेऊन, वेब सर्व्हर म्हणून विंडोज एनटी हे लिनक्सच्या ३.७ पट वेगवान असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पक्षपाताचा आरोप झाला, तो अकारणही नव्हता. तथापि फेरचाचणीतही एनटीच सरस ठरले, आणि चार प्रोसेसरांच्या यंत्रावरही लिनक्समधील नेटवर्कचे काम एका वेळी एकाच प्रोसेसरच्या हाती अडून राहते, हे वैगुण्य कबूल करणे भाग पडले.

त्यानंतर वेगाच्या या चढाओढीत काहींनी वेब सर्व्हरच कर्नलमध्ये नेऊन बसवला. रेड हॅटच्या इंगो मोल्नार यांचा ‘टक्स’ हा असाच, आणि त्याचा वेग खरोखर दिपवणारा होता. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज सर्व्हर २००३ मध्ये वेबच्या मागण्या स्वीकारण्याचे काम कर्नलकडे सोपवले. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये असे उघडकीस आले की, विंडोजच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत कर्नलमधील याच भागाकडे मागणीत एक अवास्तव मोठा आकडा घालून पाठवला असता संपूर्ण यंत्र कोसळते, इतकेच नव्हे, तर परक्याचा हुकूम कर्नलच्या सर्वाधिकारांनिशी चालण्याचाही धोका संभवतो. हाच दोष हद्दीबाहेरच्या प्रोग्राममध्ये असता, तर त्याची झळ बहुतांशी त्या प्रोग्रामपुरतीच राहिली असती.

दुसरा मार्ग हद्द राखून तिच्यावरील व्यवहार सुधारण्याचा होता. कारकुनाने दर वेळी सर्व पक्षकारांची यादी वाचून काढण्याऐवजी नावे एकदाच दाखल करून घ्यावीत आणि ज्याचे कागद तयार झाले त्यालाच पुकारावे, तशी जोडण्यांवर नजर ठेवणारी ‘केक्यू’ ही सोय २००० साली फ्रीबीएसडीत आणि ‘ईपोल’ ही २००२ साली लिनक्समध्ये आली. अशा सोयींवर इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये लोकांपुढे आणलेला एन्जिनएक्स थोड्याच प्रोसेसमध्ये हजारो जोडण्या सांभाळू लागला, आणि टक्सला लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये स्थान मिळाले नाही, हे उचितच झाले.

२०१८ च्या जानेवारीत सामान्य प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचू देणारा, प्रोसेसरांमधील ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाल्यावर ही हद्द अधिक भक्कम करावी लागली आणि ती ओलांडणे आणखी महाग झाले. आपल्या यंत्रावर केवळ आपलेच प्रोग्राम चालवणाऱ्याने हे संरक्षण विचारपूर्वक बंद केले, तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु जेथे अनेकांचे प्रोग्राम एकत्र नांदतात आणि नागरिकांचे दस्तऐवज ठेवलेले असतात, तेथे ही मुभा असू नये, आणि सार्वजनिक संस्थांनी सर्व्हरच्या निविदा मागवताना वेगाचा प्रत्येक आकडा संरक्षण चालू ठेवून मोजलेलाच मागावा.