जाहिरातीची हुंडी

पैसे मोजून जाहिराती पाहावयास कोणी चित्रपटगृहात जाईल, असे सांगितले तर पेढीवरचे जुने मुनीमजीही हसतील. घरी जाहिरात लागताच हात रिमोटकडे जातो, हा सर्वांचाच अनुभव. फ्रान्समध्ये मात्र हे घडले. लहानपणापासून जाहिरातींच्या फिती जमविणारे ज्याँ-मारी बुर्सिको यांनी १९८१ मध्ये पॅरिस येथे रात्रभर चालणारा एक खेळ सुरू केला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘जाहिरातभक्षकांची रात्र’ असा होतो. देशोदेशींच्या शेकडो जाहिराती एकामागून एक पडद्यावर येतात. आवडलेल्या जाहिरातीला प्रेक्षक टाळ्या-शिट्ट्यांनी दाद देतात आणि फसलेलीची तितक्याच मोकळेपणाने हुर्यो उडवितात. पुढे हा खेळ अनेक देशांत फिरला.

खुद्द जाहिरात व्यवसायाचा महोत्सव याहून जुना आहे. चित्रपटगृहांतून जाहिराती दाखविणाऱ्या मंडळींनी तो १९५४ मध्ये व्हेनिस येथे भरविला. त्या वेळी १४ देशांतून १८७ फिती आल्या होत्या. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील पंखधारी सिंहावरून पारितोषिकाला सिंहाचे रूप मिळाले. काही वर्षे व्हेनिस व कान असा आलटून-पालटून भरल्यानंतर हा महोत्सव कान येथे स्थिरावला.

घरात जाहिरात ही न बोलाविता येणारी पाहुणी असते. अशा सभागृहात मात्र तीच यजमानीण होते. तेथे बसलेल्या प्रेक्षकाला काही विकत घ्यावयाचे नसते. तो पाहतो ती केवळ कारागिरी. तीस सेकंदांत पात्र, प्रसंग आणि मर्म साधावयाचे, एकही शब्द वाया जाऊ द्यावयाचा नाही, ही काटकसर व्यापाऱ्याच्या दृष्टीला तत्काळ पटावी अशीच आहे.

या महोत्सवात भारतीय जाहिरातींचाही सन्मान झाला आहे. फेव्हिकॉलच्या बसच्या जाहिरातीने २००२ मध्ये कान येथे रौप्य सिंह मिळविला. राजस्थानच्या वाळवंटातील खडबडीत रस्त्याने एक बस जाते. आत, टपावर, मागे-पुढे माणसेच माणसे लटकलेली. गचके बसतात, पण कोणीही पडत नाही. अखेरीस बसच्या पाठीवर फेव्हिकॉलचे नाव दिसते. संवाद एकही नाही. पीयूष पांडे यांची कल्पना व प्रसून पांडे यांचे दिग्दर्शन यांना परदेशातही दाद मिळाली, कारण विनोद समजण्यास भाषेची गरज नव्हती.

परंतु त्या हास्यामागे एक जुने खाते आहे. गुजरातमधील महुव्याहून मुंबईस आलेल्या बळवंत पारेख यांनी कायद्याची पदवी घेऊनही वकिली केली नाही. एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाचे काम केले. सुतारांना प्राणिजन्य सरस तापवून वापरताना पडणारे कष्ट त्यांनी जवळून पाहिले. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले आणि पुढील चार दशके घरोघरीच्या कपाटांनी व खुर्च्यांनी त्याची साक्ष दिली. बसची जाहिरात अतिशयोक्त होती. तिच्यातील मर्म मात्र खरे होते. सांधा सुटणारा असता, तर तोच विनोद मालकावर उलटला असता.

खोट्याच्या आधारे मिळविलेली टाळी किती टिकते, हेही कान येथेच दिसले. २०२५ मध्ये ब्राझीलमधील एका संस्थेला मिळालेला सर्वोच्च सन्मान, तिच्या सादरीकरणाच्या चित्रफितीत बनावट दृश्ये असल्याचे उघड होताच परत घेण्यात आला. परीक्षकांना जिंकणारी कारागिरी एका असत्याने मातीमोल झाली.

आज दुकानाची जाहिरात घरातील तरुण मुले-मुली मोबाईलवरच तयार करतात. त्यांच्या कल्पकतेचे कौतुक व्हावे. मात्र ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘सर्वांत स्वस्त’ असे शब्द छापण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एकदा गोदामाकडे पाहावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात दंड भरून खाते मिटते. गेलेली पत कोणत्याही भरण्याने परत येत नाही.

पूर्वी हुंडीच्या कागदाला स्वतःचे मोल नसे. ती सकारणाऱ्या पेढीच्या पतीवर ती चाले. जाहिरात हीदेखील मालावर काढलेली हुंडीच होय. ती सुंदर अक्षरांत लिहावी, रंगीत असावी, हसवणारीही असावी. परंतु ग्राहक ती घेऊन दुकानाची पायरी चढेल, त्या दिवशी ती वटलीच पाहिजे.