कर्करोगाचे रुग्णालय तालुक्यालाही हवे

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले, आणि तेव्हापासून कर्करोग व मुंबई यांची महाराष्ट्राच्या मनात अशी काही गाठ बसली आहे की, भूम-परांड्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याला या व्याधीचा नुसता संशय बोलून दाखवला, तरी तो रोगाच्या आधी रेल्वेच्या तिकिटाची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या जागेची आणि मागे राहणाऱ्या गुराढोरांची चिंता करू लागतो. टाटाने गोरगरिबांवर केलेल्या उपकारांची मोजदाद करता येणार नाही. परंतु ज्या रोगात किरणोपचारासाठी आठवड्यातून पाच दिवस, आणि तेही पुष्कळदा सलग पाच-सहा आठवडे, यंत्राखाली जावे लागते, त्याची चिकित्सा चारशे किलोमीटरवर ठेवणे म्हणजे ती अर्ध्यावर टाकून परतण्याची तजवीज आपणच करून ठेवणे होय.

मोठ्या शहरावाचून या रोगाशी झुंज देता येत नाही, या समजुतीला सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने, श्रीभगवंताच्या देवळासाठी आणि धान्याच्या बाजारपेठेसाठी ख्यात असलेल्या एका तालुक्याच्या गावाने, पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय एक विश्वस्त संस्था चालवते. देशातील कर्करोगाच्या नोंदवह्या केवळ मुंबई, बंगळूर, मद्रास अशा शहरांतून ठेवल्या जात असताना, १९८७ साली या रुग्णालयाच्या आश्रयाने बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांची नोंदवही सुरू झाली. भारतातील ग्रामीण भागाची ती पहिलीच. खेड्यात रुग्ण आपण होऊन दफ्तरात नाव लिहवायला येत नाही, म्हणून नोंद करणाऱ्यांनाच गावोगाव हिंडावे लागले, सरपंच, शिक्षक, सुईणी यांच्या ओळखी कराव्या लागल्या, आणि विटाळ गेल्यावर पुन्हा रक्त जाणे किंवा अंगावरून सतत पांढरे जाणे ही सोसण्याची नव्हे तर दाखवण्याची गोष्ट आहे, हे बायाबापड्यांना समजावून सांगावे लागले. पुढे डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा असे आढळले की, गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या होत्या. हे कोणत्याही नव्या यंत्राने घडले नाही. ओळखीच्या माणसाने दारात येऊन चार शब्द सांगितल्याने घडले.

या ओळखीच्या बळावरच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून याच कर्करोगाच्या तपासणीचा एक विशाल प्रयोग उभा राहिला. खेड्यांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. हा रोग घडवणाऱ्या एच.पी.व्ही. या विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी झालेल्या गटात प्रगत रोगाचे आणि मृत्यूंचे प्रमाण, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्मे भरले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा आधार जगभरच्या तज्ज्ञांनी घेतला. तपासणीविना राहिलेल्या गटाविषयी पुढे जे नैतिक आक्षेप घेतले गेले, तेही वजनदार आहेत आणि अभिमानाच्या भरात विसरण्याजोगे नाहीत.

बार्शीसारखी लहान, स्वायत्त केंद्रे कशी नाहीशी होतात, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे कर्करोगाचे बरेचसे उपचार गावोगावच्या स्वतंत्र डॉक्टरांच्या दवाखान्यांतून होत असत. पण मेडिकेअर ही सरकारी योजना तेच औषध, त्याच सलाईनमधून, तेवढ्याच वेळात देण्याच्या कामासाठी दवाखान्यापेक्षा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला अधिक मोबदला देत आली, आणि रुग्णालयांना औषधे सवलतीत मिळण्याची सोयही १९९२ च्या कायद्याने झाली. मग दवाखाने एकामागून एक रुग्णालयांनी विकत घेतले; पाटी बदलली, बिल वाढले. बंदी कोणी घातली नव्हती. दरपत्रकानेच निकाल लावला.

आपल्याकडील दरपत्रकही असेच बोलके आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने असंख्य कुटुंबांना जमीन विकण्यापासून वाचवले, हे मान्य करूनच सांगितले पाहिजे की, ती शस्त्रक्रियेचे, केमोचे, किरणोपचाराचे ठरीव पैसे देते. पाड्यावर जाऊन उपचार सोडलेल्या रुग्णाला परत आणणाऱ्या परिचारिकेच्या पायपिटीला त्या यादीत जागा नाही. शिवाय मंजूर झालेली देयकेही थकतात, अशी रुग्णालयांची तक्रार आहे. मोठ्या साखळी रुग्णालयाला दोन तिमाह्यांची थकबाकी सोसते. विश्वस्तांच्या रुग्णालयाला तेवढ्यात औषधविक्रेत्याचे उंबरठे झिजवावे लागतात.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांतून कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याचे जाहीर केले, ते स्वागतार्हच आहे. परंतु खाट आणि सलाईन म्हणजे संस्था नव्हे, आणि बार्शीसारखी ओळख कोणत्याही फर्मानाने तीन वर्षांत निर्माण होत नाही. लहान केंद्रात तज्ज्ञता कोठून येणार, ही शंका रास्त आहे. म्हणूनच अवघड शस्त्रक्रिया परळला जाव्यात, आणि देशातील रुग्णालयांना जोडणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडकडून सल्ला व एकत्रित खरेदीतील स्वस्त औषधे घ्यावीत. स्वायत्ततेच्या नावाखाली हिशेब लपवणाऱ्या संस्थेला मात्र एक पैसाही देऊ नये.

विधिमंडळातील सभासदांकडे मागणे एवढेच आहे: धर्मादाय कर्करोग रुग्णालयांची देयके ठरावीक मुदतीत चुकती व्हावीत, मुदत टळल्यास सरकारने व्याज द्यावे, आणि गावोगाव हिंडणाऱ्या परिचारिकेचा पगार योजनेच्या खर्चात धरावा.