ओढतं म्हणजे पेलतं नव्हे!

रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी सबमिशन, त्यामुळे आमच्या विंगमध्ये अर्थातच सबमिशन सोडून बाकी सगळ्या विषयांवर चर्चा चालू होती. तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच हॉस्टेलमधून बाहेर पडला, एमएसला अमेरिकेत गेला आणि आता टेक्सासमध्ये बायको, दोन मुलं आणि एक पिकअप ट्रक असा त्याचा संसार चाललाय. त्यात आता एका कॅम्परची भर पडणार होती.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, ओटा, फ्रीज, बाथरूम, पाण्याची टाकी, सगळं आत. पिकअपच्या मागे अडकवायचं आणि निघायचं फिरायला. दादाचा प्रश्न साधा होता. (तिकडे हिशेब पौंडात चालतो, मी किलोत सांगतो.) "ट्रकची ओढायची क्षमता ४५०० किलो. कॅम्पर सामानसुमान भरून ३६०० किलो. डीलर म्हणतो आरामात जाईल. घेऊ ना?"

स्पीकर चालू होता. अख्खी विंग एका सुरात ओरडली, "घे की! ९०० किलो शिल्लक आहेत!" खोटं कशाला बोलू, मीही ओरडलो. एकटा माझा रूम पार्टनर तेवढा गप्प होता. तो म्हणाला, "दादा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असेल. त्याचा फोटो पाठवा."

फोटो आला. स्टिकरवर लिहिलं होतं की माणसं आणि सामान मिळून वजन ६८० किलोच्या वर कधीही जाता कामा नये.

मग पार्टनरने सबमिशनच्याच कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. कॅम्परचं सगळं वजन काही त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यातून थेट ट्रकच्या मागच्या टोकावर बसतं. त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर ३६०० चे झाले ४६८ किलो. जोडणीचं लोखंड, म्हणजे हिच, साधारण ४० किलो. एकूण ५०८. उरले १७२. आता दादा आणि वहिनी ७५-७५ चे, मुलं ३५-३५ ची, म्हणजे २२० किलो. झालं! एकही बॅग न भरता गाडी ४८ किलोंनी ओव्हरलोड.

पलीकडे शांतता. मग दादा म्हणाला, "अरे, पण ओढायला ४५०० आहे ना?"

मित्रांनो, इथेच खरी गोम आहे. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रकला मर्यादा एक नसते, पाच-सहा असतात. गाडीचं एकूण वजन, पुढच्या अ‍ॅक्सलवरचं, मागच्या अ‍ॅक्सलवरचं, टायरचं, हिचचं आणि ट्रक-कॅम्पर मिळून दोघांचं. यातली जी सगळ्यात आधी संपते ती खरी मर्यादा. साखळीची ताकद सगळ्यात कच्च्या कडीएवढी, हे आपण एसओएमच्या पहिल्याच लेक्चरला ऐकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. जाहिरातीत मात्र जी मर्यादा सगळ्यात मोठी दिसते तीच छापतात.

मग कंपनी खोटं बोलते का? तसंही नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पट्टीने हा आकडा काढायची. २००८ मध्ये एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक आणलं. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, सुमारे १८ किलोमीटर, ३८ अंशांच्या उन्हात, एसी चालू ठेवून, पिकअपने ट्रेलर ओढत नेताना वेग ताशी ६४ च्या खाली जाता कामा नये अशी कसोटी आहे. पण त्यात गृहीत काय धरलंय? गाडीत माणसं दोन, प्रत्येकी ६८ किलोची. दोन मुलं, सायकली, कुत्रा आणि वहिनींचा प्रेशर कुकर त्या गणितात नाहीत. उत्तर बरोबर आहे, आपण प्रश्न नीट वाचला नाही. (व्हायव्हात आपलं नेहमी हेच होतं!)

आमच्या विंगने लगेच तोडगे सुचवले. पहिला, "कॅम्परमधलं सामान मागे सरकवा, टंग वेट कमी होईल." होईल ना! पण ते १० टक्क्यांच्या खाली गेलं की कॅम्पर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो, आणि हायवेच्या वेगात एकदा झुलायला लागला की ट्रकलाही फरपटत नेतो. दुसरा, "वजन वाटून देणारा हिच लावा." तो लावावाच. त्याने मागचा थोडा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर जातो, थोडा परत कॅम्परच्या चाकांवर. पण ट्रकची मर्यादा त्याने एक किलोनेही वाढत नाही. तिसरा, "स्प्रिंगा जाड टाका." गाडीची पाठ सरळ दिसेल, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहणार.

आणि चौथा, आपल्या सगळ्यांचा लाडका, "कंपनी फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतेच की!"

हा लेख लिहायला बसलो तो या एका वाक्यामुळे. फॅक्टर ऑफ सेफ्टी कोणासाठी असतो? अचानक आलेल्या खड्ड्यासाठी, धातूत राहून गेलेल्या बारीक चिरेसाठी, झिजलेल्या टायरसाठी, घाटात तापलेल्या ब्रेकसाठी. म्हणजे जे आपल्याला माहीत नाही त्यासाठी. जे माहीत आहे ते सामान त्यात कोंबायचं म्हणजे आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांतून पिक्चर बघण्यासारखं आहे. पिक्चर छान होतो. पंचाईत नंतर होते. शिवाय ओव्हरलोड गाडी आपल्याला लगेच ओरडून सांगत नाही. इंजिन दमदार असतं, ते ओढतं. मागचा भार वाढला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची व ब्रेकची पकड कमी होते, हे सपाट रस्त्यावर कळतच नाही. कळतं ते उतारावर, पावसात, समोर कुणी अचानक आल्यावर.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॅम्परचं आम्हाला काय? तर ऐका. मागच्या गॅदरिंगचं सामान आणायला आपण एक पिकअप ठरवली होती. आपल्याकडे मालवाहू गाडीच्या बाजूला रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन रंगवलेलं असतं. त्या गाडीवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी होती १२०० किलो. जनरेटर ४५०, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर ४००, लाइटचा सांगाडा २५०, मिळून ११००. इथपर्यंत ठीक. वर आम्ही चौदा जण चढलो. साठ किलोने धरले तरी ८४० झाले. म्हणजे मर्यादेपेक्षा ७४० किलो जास्त! ड्रायव्हरकाका म्हणाले होते, "पोरांनो, खाली उतरा रे, गाडी बसलीय." आम्ही काय केलं? "काका, चालतंय की!" म्हणून टाळ्या वाजवल्या. कॉलेजच्या उतारावर ब्रेकचा जळका वास आला तेव्हाही आम्ही गाणी म्हणत होतो. काही झालं नाही, म्हणून ती गंमत ठरली.

मुळात मालाच्या गाडीत अशी माणसं भरणंच बेकायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड आहे २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये. पण दंड भरायचा कुणी? त्या काकांनी. आम्ही इंजिनिअर होणारे चौदा जण वर आणि वजाबाकी येत होती ती एकट्या काकांना, याची मला आजही लाज वाटते.

दादाने तो कॅम्पर घेतला नाही. जाहिरातीत दिलेलं कॅम्परचं वजन कोरडं असतं, त्यात पाणी आणि सामान नसतं, हेही त्याला नंतर कळलं. दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो वाढतात, यासाठी तर इंजिनिअरिंगलाही यायला नको! आता त्याने लहान कॅम्पर बघितलाय, आणि पहिल्याच सहलीला सगळं भरून, सगळ्यांना बसवून आधी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जायचं असं ठरवलंय. तिथे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि कॅम्परची चाकं यांचं वजन वेगवेगळं मिळतं. अंदाजापेक्षा काटा बरा.

आपल्यासाठी माझी सूचना एवढीच आहे. यंदाच्या गॅदरिंगला सामानाची जी यादी सरांच्या सहीला जाते, तिच्यात वजनाचा एक रकाना वाढवावा. खाली बेरीज, शेजारी गाडीवर रंगवलेली वजाबाकी. बेरीज मोठी आली तर दुसरी खेप करायची, आणि पोरांनी बसने यायचं. खर्च थोडा वाढेल, मान्य. एखादा हार-तुरा कमी करू.

आणि काका "उतरा" म्हणाले तर, मित्रांनो, उतरायचं. ते फॅक्टर ऑफ सेफ्टी आपल्यापेक्षा चांगला शिकलेत.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी