मान ताठ राहिली म्हणजे झालं!

आपल्या हॉस्टेलमध्ये दर मजल्यावर एक तरी गिटार असतेच. ती असते एकाची, आणि वाजवणारे सहा. या सहांपैकी एखाद-दुसरा थर्ड इयरपर्यंत "च्यायला, आपणच बनवू की" या निष्कर्षाला पोचतो. बॉडीचं ड्रॉइंग दोन रात्रींत तयार होतं (सबमिशनचं ड्रॉइंग मात्र दोन महिन्यांत होत नाही), पिकअपचे वेढे इलेक्ट्रिकलवाला मित्र मोजून देतो, आणि गाडी अडते ती नेकपाशी. कारण कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, नेक म्हणजे मेपलचीच, आणि मेपल म्हणजे अमेरिकेचंच. मग किंमत, कुरिअर, कस्टम्स यांची बेरीज होते आणि प्रोजेक्ट कॉटखाली जातो.

मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. मेपलचा हट्ट सोडा, वखारीत जा आणि जुनं, वाळलेलं सागवान आणा.

हे देशप्रेमातून आलेलं नाही, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समधून आलंय. नेकला काम काय असतं? इलेक्ट्रिक गिटारवर १० ते ४६ चा नेहमीचा सेट लावला की सहा तारांचा मिळून साधारण ४५ किलो ताण पडतो. अकूस्टिकला १२ चा सेट असेल तर तो ७० किलोच्या पुढे जातो. म्हणजे आपला एक बऱ्यापैकी जेवणारा रूममेट चोवीस तास त्या पट्टीला लोंबकळतोय. तरी पट्टी वाकता कामा नये, पिळता तर कामाच नये. इथे यंग्ज मॉड्युलस आठवा. हार्ड मेपलचा सुमारे १२.६ गिगापास्कल, सागाचा सुमारे १२.३, आणि गिब्सनच्या लेस पॉलमध्ये १९५२ पासून नेकला वापरलेल्या महॉगनीचा सुमारे १०. म्हणजे ज्या महॉगनीपुढे आपण हात जोडतो तिच्यापेक्षा आपला साग ताठ आहे!

त्यातही गंमत पुढे आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. नेक २० मिलिमीटरऐवजी २२ ची केली तर १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के जास्त ताठ. मेपल आणि महॉगनी यांच्यातला फरक जेमतेम २५ टक्के. ज्या फरकासाठी लोक रात्रभर भांडतात तो दोन मिलिमीटरमध्ये मिटतो.

टोनबद्दल बोलायचं तर ज्यांना स्वतःच्या कानाने मेपल ओळखता येतं त्यांना माझा नमस्कार. हॉस्टेलच्या ॲम्प्लिफायरवर मला तर गिटार आणि पंखा यांतला फरकही कधीकधी कळत नाही.

खरा शत्रू पावसाळा आहे. लाकूड हवेतली वाफ घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आटतं. कोकणात जुलैमध्ये लाकडातला ओलावा १६-१८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि तेच लाकूड कोरड्या हवेत १० च्या आसपास येतं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत मेपल वलयांच्या दिशेने जवळजवळ १० टक्के आटतं, साग ५ टक्क्यांच्या थोडं वर. वलयांना काटकोनात मोजलं तर साग फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास. आता ५५ मिलिमीटर रुंदीची नेक घ्या आणि ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक धरा. आडव्या वलयांचं मेपल एक मिलिमीटरच्या वर हलेल, उभ्या वलयांचा साग जेमतेम ०.३. हिवाळ्यात फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात ना, ती याच एका मिलिमीटरमुळे.

तेव्हा जातीपेक्षा तुकडा महत्त्वाचा. वखारवाल्याकडे फळीचं टोक बघायला मागा. टोकाला वलयं उभी दिसली पाहिजेत, म्हणजे नेकच्या वरच्या सपाट बाजूला काटकोनात. मग बाजूने बघा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, की मध्येच कडेला उतरतात? उतरत असतील तर कितीही सुंदर फळी असो, ठेवून द्या. ट्रस रॉड वाक काढतो, पीळ काढत नाही. गाठ असेल तर बोलूच नका. आणि ट्रस रॉड टाकायचाच. लाकूड कितीही चांगलं असलं तरी तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. गिब्सनने १९२० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं ते काही हौस म्हणून नाही.

जुनं लाकूड का म्हणतोय? वाडे पाडताना निघालेल्या तुळया, वासे, दारांच्या चौकटी वखारीत येतात. त्यांनी पन्नास-साठ पावसाळे बघितलेले असतात, वाकायचं ते वाकून झालेलं असतं. क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, तेव्हा नेकसाठी शंभराहून जास्त वर्षं जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं महॉगनी वापरलं. त्यात किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या! हीच गिटार घेऊन तो पुढे आयुष्यभर वाजला. (त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे आपल्या कॉलर ताठ करण्यासाठी.) जुन्या तुकड्यात फक्त खिळे शोधायचे, नाहीतर रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा.

वाळलंय की नाही हे वखारवाल्याच्या शपथेवर सोडू नका. सिव्हिलवाल्यांच्या सॉईल मेकॅनिक्स लॅबमध्ये मातीतलं पाणी काढायचा ओव्हन आहे, १०५ अंशांचा. फळीचा छोटा तुकडा वजन करून त्यात ठेवा, वजन घटायचं थांबलं की पुन्हा मोजा. ५८ ग्रॅमचा ५२ झाला तर ६ भागिले ५२, म्हणजे साडेअकरा टक्के. आपल्याकडे १२ च्या आत आलं की काम सुरू. जास्त असेल तर फळी खोलीत उभी न करता आडवी, खाली दोन काठ्या देऊन ठेवा आणि सेमिस्टर जाऊ द्या.

सागाचे दोषही सांगतो. तो तेलकट असतो, गोंद धरत नाही. चिकटवायच्या आधी लगेच ॲसिटोनने पुसावा लागतो. त्यात सिलिका असल्याने पटाशी लवकर बोथट होते. भुसा नाकात गेला की शिंका सुरू, मास्क लावाच. काही जण म्हणतील, मग मिरजेसारखं तूनचं लाकूड का नको? मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तो मानच आहे. पण सतारीची दांडी रुंद आणि पोकळ असते, त्या हलक्या लाकडाला तिथे जागा भरपूर मिळते. गिटारच्या बारीक नेकला तून पुरणार नाही.

फिंगरबोर्डला शिसवी घ्या. जगभर इंडियन रोझवुड म्हणून गाजलेली ती हीच, आपल्या सह्याद्रीतली. २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनवर छापा घातला तो भारतातून गेलेल्या शिसवीच्या आणि एबनीच्या पट्ट्यांवरून, आणि २०१७ पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सची बंधनं आली. जी पट्टी तिकडे कागदपत्रांशिवाय हलत नाही, ती इथे एखाद्या मोडक्या जुन्या कपाटात सापडते. कपाट मात्र आधी मालकाला विचारून घ्या. वॉर्डनच्या ऑफिसातलं तर अजिबात नको.

आता स्टाफला एक विनंती. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये दरवर्षी शेकडो हाफ-लॅप जॉइंट तयार होतात. मार्क मिळाले की ते भंगारात पडतात. ज्याला हौस आहे त्याला त्याऐवजी गिटारच्या डोक्याचा तिरका स्कार्फ जॉइंट करू द्या. करवत तीच, रंधा तोच, गुण्या तोच, फक्त कोन १३-१४ अंशांचा. शॉपमधल्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, "पोरांनो, लाकूड तुम्ही आणा, धार मी लावून देतो." लाकूड आणायचं तर मार्च-एप्रिलमध्ये आणा. जूनच्या पहिल्या सरीनंतर वखारीत जाल तर ओव्हनमध्ये तुकडा ठेवायला सिव्हिलवालेही हाकलतील.