लहरींची शिस्त

पावसाळी मासेमारीबंदी संपली की ट्रॉलर पुन्हा मांडवीच्या मुखाबाहेर पडतात. इंजिनाच्या घरघराटात दोन्ही हात दोरात गुंतलेल्या खलाशाच्या कानावर हेडसेट असणे ही चैन नव्हे. प्रश्न आहे तो बोलणे कोणत्या लहरीवरून होते याचा.

सागरी व्हीएचएफचा 16 क्रमांकाचा चॅनेल, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या पुकाऱ्यासाठी राखलेला आहे. पुकारा झाला की संभाषण दुसऱ्या चॅनेलवर न्यावयाचे असते. एका वेळी एकानेच बोलावे, अशीच या यंत्राची घडण. कोणी बांगड्याचा भाव विचारीत बटण दाबून बसला, तर बुडत्या होडीची हाक जवळच्यांच्याही कानी पडणे कठीण.

बाजारातील वॉकीटॉकींनी या गोंधळात भर घातली आहे. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्याविना मोकळा केला. इतर लहरींवरील यंत्रेही ग्राहकाला काही न सांगता ऑनलाइन विकली जात असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

परवान्याचे स्तोम आम्ही कधी माजविले नाही. 1955 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीज सत्तेच्या नाकावर टिच्चून बोलणारे गोमंतकाचे गुप्त नभोवाणी केंद्र कोणाच्या परवान्याने चालले होते? पण तेथे परकी सत्तेशी झुंज होती. येथे आपलाच खारवी आपल्याच भावाची हाक दडपतो. मत्स्योद्योग खात्याने धक्क्यावरच परवान्याचे अर्ज भरून घ्यावेत, तांडेलांना यंत्राचे शिक्षण मराठी-कोकणीतून द्यावे. दंडाची पावती फाडणारा अधिकारी त्यानंतर पाठवावा.